टोळीने मोजलेलं पोट

"हिले सोताचं पोट नाही, अन् हे आपल्याले पोटाचं शिकवून राहिली."

पडद्याच्या अलीकडे मी चटई अंथरत होते. पडदा हिरव्या कापडाचा, धुऊन धुऊन पातळ झालेला. बोलणाऱ्याने आपल्या मते आवाज खाली ठेवला होता, पण जन्मभर ट्रकच्या घरघरीवर बोललेल्या माणसाला ते जमत नाही.

"असू दे ना गा," दुसरा म्हणाला. "डॉक्टरसाहेबानं पाठवलं तिच्याकडं."

"पोतं दाखव तिले एक. पळून जाईन."

तिघं-चौघं हसले. मी चटईची घडी पुन्हा एकदा सरळ केली. ती सरळच होती. मग पडदा बाजूला केला आणि ठरलेलं वाक्य म्हटलं, "पेशंट कोण?"

पाच माणसं उभी होती, सगळी नागपूरच्या इतवारीतल्या धान्यबाजारातली हमाल. मधल्याने पिशवी छातीशी धरली होती. ते नामदेवभाऊ, वय चाळिशीच्या आसपास, बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन होऊन दीड महिना झालेला. मोठ्या आवाजाचे, पांढऱ्या मिशांचे आणि गोल, टणक पोटाचे ते टोळीचे मुकादम देवराव. बाकीचे तिघं सोबतीला. हमालांची टोळी एकट्या माणसाला दवाखान्यात पाठवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मी एका मोठ्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. तेव्हा नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं. फिजिओथेरपिस्ट हा शब्द आमच्या शिपायालाही जड जायचा. तो पेशंटना सांगे, "कसरतवाल्या बाईकडे जा, सरळ जाऊन डावीकडे." लोक मालिश मिळेल या आशेने येत आणि व्यायाम मिळाला की हिरमुसत. माझी अडचण वेगळी होती. माझं शिक्षण सगळं इंग्रजीतून, आणि स्वभाव असा की वर्गात उत्तर येत असूनही हात वर करायचा नाही. घरी मराठीच होती, पण ती हळू बोलायची, पुस्तकी मराठी. इथे पेशंट विचारत, "काहून दुखून राहिलं जी?" आणि मी उत्तर मनात आधी इंग्रजीत जुळवायची, मग मराठीत, तोवर पेशंट दुसऱ्याशी बोलायला लागलेला असे. म्हणून मी बोलण्यापेक्षा लिहून द्यायची. सूचना नीट, मुद्देसूद, सुवाच्य अक्षरात.

पोट या विषयावर माणसांच्या ज्या समजुती आहेत, तेवढ्या दुसऱ्या कुठल्याच अवयवाबद्दल नसतील. गुडघ्याबद्दल माणूस डॉक्टरांचं ऐकतो. पोटाचं त्याला स्वतःला सगळं माहीत असतं.

इतवारीतलेच कापडाचे एक व्यापारी माझ्याकडे कंबरदुखीसाठी येत. त्यांना आम्ही सगळे शेठजी म्हणायचो. एकदा मे महिन्यात ते आले ते चालताना चुर्रचुर्र आवाज करत. सदरा वर केला तर पोटाभोवती प्लास्टिकचा कागद, साड्यांच्या गठ्ठ्यांवर येतो तो, तीन वेढे देऊन सुतळीने बांधलेला. नागपूरचा मे महिना, आणि हे रोज दुकानात असे बसत.

"चरबी वितळते मॅडम," ते म्हणाले. "काल वजन केलं. एका दिवसात सव्वा किलो गेलं."

"ते पाणी गेलं, शेठजी."

"पाणी तं पाणी. गेलं ना?"

बोलता बोलता त्यांनी आमच्या माठातलं पाणी मागितलं आणि चार पेले प्यायले. पाचवा पेला हातात घेतल्यावर तेच थबकले, पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे हे परत भरून राहिलं?" मी मान हलवली. त्यांनी पाचवाही संपवला. सुतळी मात्र तिथेच सोडली. हिशेबाचा माणूस, आवक-जावक एका क्षणात कळली.

घामाने चरबी वितळते या समजुतीची धाकटी बहीण म्हणजे पोटाच्या व्यायामाने पोटाचीच चरबी जाते, ही. चरबी कुठून आधी उतरायची हे शरीर आपलं आपण ठरवतं, आपण सांगितलेल्या जागेवरून ते सुरुवात करत नाही. आणखी एक समजूत म्हणजे पोट सदैव आत ओढून धरावं. लग्न ठरलेली एक मुलगी नंदनवन वस्तीतून यायची. ती दिवसभर पोट आत ओढून बसे आणि तिची तक्रार होती की बोलताना धाप लागते. मी तिला पोट सोडायला सांगितलं तेव्हा तिने आधी दाराकडे पाहिलं, आई बाहेरच बसलीय ना याची खात्री केली आणि मग सोडलं. महिन्याभरात पहिल्यांदा पूर्ण श्वास घेत असावी असा तिचा चेहरा झाला.

आता थोडं पोटाच्या आतलं. समोरून ज्या दोन उभ्या पट्ट्या दिसतात, म्हणजे पैलवानाच्या दिसतात, ते वरचे स्नायू. त्यांच्या आत तिरपे स्नायू. आणि सगळ्यांत आत एक आडवा, पाठीपासून पुढे आलेला, कमरेला फडकं गुंडाळावं तसा. उभ्या पट्ट्यांच्या मधोमध एक शिवण असते. बेंबी त्या शिवणीवरच. माणूस श्वास सोडतो तेव्हा आतलं आडवं फडकं आवळतं आणि कण्याला आधार मिळतो. श्वास कोंडून जोर लावला की पोटातला सगळा दाब शिवणीवर येतो, आणि शिवण कच्ची असेल तर तिथे लांबट उंचवटा उठतो. नामदेवभाऊंची शिवण आधीच कच्ची होती. त्यातून बेंबी फुगली. घरच्यांना वाटलं, बेंबी सरकली. एका म्हातारीने पोटावर पणती लावून त्यावर तांब्या पालथा घातला. बेंबी काही जागेवर गेली नाही. मग ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी शिवणीतलं भोक शिवलं आणि सांगितलं, पोट घट्ट करा, तीन महिन्यांनी कामाला लागा.

त्या पहिल्या दिवशी मी भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे व्यायाम दिला. उताणं निजायचं, पाय सरळ, आणि उठून बसायचं. तेव्हा सगळीकडे हेच शिकवत. आज मी हा व्यायाम कुणाला देत नाही, कारण त्यातलं निम्मं काम मांडीपासून कण्याकडे जाणारे स्नायू करतात आणि कंबर तेवढी ताणली जाते. पण चूक तक्त्याची होती असं म्हणून मला सुटता येत नाही.

नामदेवभाऊ चटईवर निजले. मुकादमांनी मोजायला सुरुवात केली.

"लाभ..."

धान्यबाजारात पोती मोजताना एक म्हणत नाहीत. पहिल्या पोत्याला लाभ, मग दोन, तीन. आणि आकडा लांबवून म्हणायचा, पोतं थप्पीवर नीट बसेपर्यंत. बाकीच्यांनी सूर धरला. "दो...न." नामदेवभाऊ त्या सुरावर उठत होते. सूर संपेपर्यंत श्वास बंद, मानेच्या शिरा टरारलेल्या. आणि तिसऱ्या खेपेला मला बेंबीच्या वर, शिवणीवर, बोटभर रुंदीचा उंचवटा दिसला.

मला तो काय आहे ते माहीत होतं. मी म्हटलं, "श्वास सोडा." माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. तेवढ्यात डॉक्टरसाहेब दारातून जाता जाता थांबले आणि म्हणाले, "वा, जोर आहे अजून. शंभरावर न्या." पाचही माणसं खूश झाली. मी दुसऱ्यांदा बोलले नाही. कागदावर मात्र लिहिलं: रोज १० वेळा, उठताना श्वास सोडणे, पोटावर उंचवटा आल्यास थांबणे. खाली दुहेरी रेघ मारली. मुकादमांनी कागद घेतला, दूर धरून पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला. मला वाटलं, माझं काम झालं.

टोळीत कुणालाच लिहिता-वाचता येत नव्हतं. आकडे मात्र सगळ्यांना येत.

पाच आठवड्यांनी नामदेवभाऊंची बायको सुमनताई एकटीच आली. बुटकी, ठाम बाई. बाजारात सांडलेलं धान्य झाडून, पाखडून वेगळं करायचं काम करायची. ती खुर्चीवर बसली नाही.

"बाई, एक इचारू? त्याइच्या पोटावर शेंगेसारखं काय उठते? झोपेतून उठले तं उठते. खोकलले तं उठते."

"दुखतं का?"

"दुखलं तरी सांगन का तो माणूस? येत्या सोमवारी त्याइले पोतं उचलाचं आहे."

मग तिने मला टोळीची रीत सांगितली. आजारपणातून परत आलेला हमाल सोमवारी, बाजार उघडताना, सगळ्या टोळीसमोर एक पोतं एकट्याच्या पाठीवर घेतो आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून थप्पीपर्यंत नेतो. नेलं की तो परत टोळीचा. नाही नेता आलं तर त्याला झाडणीवर घेतात, बायकांबरोबर. टोळी त्याला उपाशी ठेवत नाही. पण पुन्हा पाठीवर कुणी पोतं ठेवत नाही.

"म्या इस वर्सं झाडून राहिली," सुमनताई म्हणाली. "मले त्यात लाज नाही. पण तो माणूस तिथं बसला तं बोलनंच बंद करन. मी वळखते त्याले."

"व्यायाम किती करतात रोज?"

"दहानं सुरू केलं होतं. मंग टोळीनं वाढवलं. जेवनाच्या सुट्टीत सगळे बसतात मोजाले. काल सव्वाशे झाले."

ती माणसं नामदेवभाऊंवर माया करत होती. दुपारची अर्धी सुट्टी त्यांच्यासाठी घालवत होती. आणि जेवढी माया जास्त, तेवढे आकडे वाढत होते.

शनिवारी दुपारी मी सुमनताईबरोबर सायकलरिक्षाने इतवारीत गेले. हातगाड्या, टेम्पो, भांड्यांच्या दुकानांचा खणखणाट, आणि मग एकदम धान्याच्या धुळीचा वास. रिक्षा पुढे जाईना, म्हणून उतरून चालत गेलो. टोळी गोदामासमोर सावलीत बसली होती. नामदेवभाऊ रिकाम्या पोत्यांवर निजलेले, पावलं तुरीच्या भरल्या पोत्याखाली अडकवलेली. मोजणी ऐंशीच्या पुढे गेली होती. प्रत्येक आकड्याला तो उंचवटा उठत होता, पहिल्या दिवसापेक्षा लांब.

मला पाहून मुकादम उभे राहिले. "या बाई, या. बसा. पाहा तुमचा पैलवान."

मला एका पोत्यावर बसवलं, चहा आला. तेवढ्यात ट्रक लागला आणि टोळीतले निम्मे उठले. नामदेवभाऊ घाम पुसत माझ्याजवळ येऊन बसले. आम्ही दोघंही ट्रककडे पाहत होतो.

त्या दिवशी मी जे पाहिलं ते कुठल्याही पुस्तकात मला इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं. ट्रकवरच्या दोघांनी एका हमालाच्या पाठीवर क्विंटलभराचं पोतं टेकवलं. वजन अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी त्याने तोंडाने "हूं" करत श्वास सोडला. पोट चारही बाजूंनी आवळलं गेलं, पुढे फुगलं नाही, आत खेचलंही गेलं नाही. आतलं फडकं आपोआप बांधलं गेलं. मग तो हलत्या फळीवरून चालायला लागला आणि चालता चालता समोरच्याला म्हणाला, "सरक ना बे, बारात आहे का तुझी?" पाठीवर शंभर किलो आणि बोलणं अखंड. त्याच्यामागचा तर आपल्या मेव्हण्याची गोष्ट सांगत थप्पीपर्यंत गेला आणि गोष्ट तोडली नाही. पावलं छोटी, गुडघे सैल, मान पुढे, आणि श्वास सतत खेळता. एकाही पोटावर पैलवानाच्या पट्ट्या नव्हत्या. मुकादमांचं तर चांगलं गोल होतं, आणि थप्पी वाकडी दिसली तेव्हा त्यांनी उठून तिच्यातलं पोतं बोलता बोलता सरळ केलं. आम्ही कॉलेजात चार वर्षं जे शिकलो ते ही माणसं दर दोन मिनिटांनी करत होती, आणि आपण काही विशेष करतो आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"नामदेवभाऊ," मी विचारलं, "पोतं घेताना तुम्ही दम कोंडता?"

"नाही जी. दम कोंडला तं माणूस फळीवरून खालीच जाईन."

"मग हे करताना का कोंडता?"

ते जरा गोंधळले. "हे काम थोडी आहे बाई? हा तं दवाखान्याचा व्यायाम आहे. टोळी मोजून राहिली असते, मधात कसा सोडू?"

म्हणजे जे त्यांना वीस वर्षं येत होतं, ते आमच्या चटईवर निजताच त्यांनी बाजूला ठेवलं होतं. दवाखान्याचं काहीतरी वेगळं, शहाणपणाचं असणार म्हणून. आणि ज्या बाईला ते दिसलं होतं, म्हणजे मला, तिने कागदावर नुसती दुहेरी रेघ मारली होती.

पुढचं आधीच सांगून टाकते. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. टाके टिकले होते, शिवण ताणली गेली होती. उठून बसणं पूर्ण बंद केलं. गुडघे वाकवून निजायचं आणि श्वास सोडत फक्त डोकं उचलायचं, एवढंच ठेवलं. मोजणीही बंद. त्याऐवजी टोळीला सांगितलं, नामदेवभाऊंना प्रश्न विचारा, डोकं वर असताना त्यांनी उत्तर द्यायचं. बोलणारा माणूस दम कोंडू शकत नाही. टोळीने हे काम फार मनावर घेतलं. "सासरा कसा आहे तुहा?" "लग्नात किती लाडू खाल्ले होते बे? खरं सांग." मी एकदा गेले तेव्हा सुमनताई सूप हातात धरून शेजारी उभी होती आणि नामदेवभाऊ डोकं वर करून, मोठ्या कष्टाने, सासऱ्याची स्तुती करत होते. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, एका सोमवारी, त्यांनी पोतं पाठीवर घेतलं, "हूं" केलं आणि नेलं. मी पाहायला गेले होते. थप्पीवर पोतं टाकल्यावर त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही, सरळ दुसऱ्या पोत्यासाठी परत फिरले. आजही ते टोळीत आहेत. त्या पाच आठवड्यांत टाके सुटले असते तर काय झालं असतं, हा विचार मला अजून येतो, विशेषतः कागदावर काही लिहून देताना.

पण त्या शनिवारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. ट्रक रिकामा झाला. टोळी परत सावलीत आली. मुकादमांनी मिशा पुसल्या आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "मंग बाई, सोमवारी उचलते ना हा? डॉक्टरसाहेबानं तं हो म्हटलं होतं. तुमचं काय?"

कुणीतरी मागून म्हणालं, "नाही झालं तं झाडनीवर बसव ना गा. बायको आहेच जोडीले." दोघं-तिघं हसले. नामदेवभाऊ हसले नाहीत. सुमनताई जमिनीकडे पाहत होती.

मला नाही म्हणायचंच होतं. ते अवघड नव्हतं. अवघड हे होतं की मी नुसतं नाही म्हटलं असतं तर वीस माणसांनी त्याचा एकच अर्थ घेतला असता: नामदेवचा जोर संपला, दवाखान्यातल्या बाईनेच सांगितलं. मग तीन महिन्यांनी त्यांनी डोंगर उचलला असता तरी ती शंका टोळीतून गेली नसती. सोपं उत्तर माझ्याकडे तयार होतं, डॉक्टरांना विचारून कळवते. ते माझ्या जिभेवर आलंही होतं, इंग्रजीत.

मी पोत्यावरून उठले. चहाचा पेला कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून हातातच धरला. वीस माणसं पाहत होती. मग मी म्हटलं, आणि या वेळी गोदामाच्या दारापर्यंत ऐकू गेलं असावं, कारण तिथला तोलणारा माणूस काटा सोडून वळला:

"नामदेवभाऊंच्या अंगात जोर आहे, त्यांनी मी दिलेला व्यायाम एक दिवस चुकवला नाही. व्यायामच चुकीचा होत होता. मला ते पहिल्या दिवशीच दिसलं होतं आणि मी गप्प बसले. सोमवारी ते पोतं उचलणार नाहीत, आणि त्याचं कारण मी आहे, ते नाहीत."